दम लागतो म्हणून भाकरी सुटली: कोपरखैरणेच्या एका काकूंची केस

सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचा, पेशंट समोर बसला की आम्ही डाएटिशियन आधी वजन बघतो, मग प्रोटीन, मग कॅलरी, आणि फायबरचा, म्हणजे अन्नातल्या न पचणाऱ्या चोथ्याचा, विषय निघालाच तर शेवटी, पेशंट उठता उठता "पोट साफ होत नाही हो" म्हणाला की. ह्या काकूंच्या केसमध्ये मात्र सगळा गुंता फायबरपाशीच येऊन बसला होता, म्हणून सविस्तर लिहितेय. फायबर आणि फुफ्फुसं ह्या विषयावर हल्ली मोबाईलवर भरपूर फिरत असतं, "फायबर वाढवा, दम कमी होईल" इतकं सोपं करून सांगतात, आणि तेवढंच ऐकून घरच्यांनी प्रेमापोटी जे केलं त्यात काकूंचे चार-पाच दिवस फार हाल झाले. ओळख कळू नये म्हणून वय, सेक्टर वगैरे थोडं बदललंय.

काकू साठीच्या, माहेर-सासर दोन्ही पाटण तालुक्यातलं. काका वाशीच्या एपीएमसीत माथाडी, आता रिटायर. घर कोपरखैरणेत, माथाडींच्या बैठ्या घरांवर नंतर मजले चढवलेत त्यातलं, खाली भाडेकरू आणि वर हे लोक, मधे अरुंद खडा जिना. काका मुंबईत आणि काकू गावाला, अशी निम्मी हयात गेली, आणि गावाला असताना सगळा स्वयंपाक चुलीवर, पावसाळ्यात तर ओली लाकडं आणि दार बंद. विडी-सिगारेट कधी नाही. मिश्री लावायच्या, ती तव्यावर भाजायची सुद्धा घरातच, तो धूर वेगळा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स ह्यांनी २००९ साली लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की जगात तंबाखू ओढणारे साधारण १०० कोटी, पण लाकूड-शेणी-काटक्यांच्या धुरात राहणारे ३०० कोटी, म्हणजे सीओपीडी हा फक्त सिगारेटवाल्या पुरुषांचा आजार नाहीच. तरी आपल्याकडे बाईला दम लागला की "दमा आहे" म्हणून गोळी देऊन वर्षानुवर्षं काढली जातात. काकूंचंही तेच झालं. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजायची टेस्ट, पहिल्यांदा झाली ती थंडीत एकदा ॲडमिट व्हायची वेळ आली तेव्हा. इनहेलरचं औषध दिल्यानंतरही एका सेकंदात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही-वन, अपेक्षेच्या निम्म्याच्याही थोडी खाली. सरळ सीओपीडी. डॉक्टरांनी श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारा टायोट्रोपियमवाला इनहेलर सुरू केला आणि पल्मनरी रिहॅबला, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटना व्यायाम-आहार शिकवतात तिथे, पाठवलं, तिथे त्या माझ्याकडे आल्या.

वजन ४३ किलो, आणि आधीच्या वर्षात चार-पाच किलो उतरलेलं. सीओपीडीत वजन घटणं चांगलं लक्षण नाही, श्वास घ्यायलाच इतकी ताकद लागते की खाल्लेलं त्यातच जातं, म्हणून माझं पहिलं लक्ष वजनाकडेच होतं. मग विचारलं, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा.

सकाळी चहा आणि दोन खारी. दहाला परत चहा, टोस्ट. दुपारी मऊ भात, वर पातळ वरण, बटाट्याची भाजी दोन घास. चारला चहा, मारी बिस्किटं. रात्री एक पोळी दुधात कुस्करून, नाहीतर परत भात. पोळीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळलेलं, कारण मग पोळी मऊ होते. केळं बंद कारण कफ होतो, पेरू थंड म्हणून बंद, काकडी बंद, दही बंद, मोड आलेली कडधान्यं वातूळ म्हणून बंद. सगळं मिळून फायबर मोजलं तर दिवसाला जेमतेम १०-११ ग्रॅम. डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या गाईडलाईनप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम तरी पाहिजे. हे असं का होतं ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघितले की कळतं, १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात फायबर २.८ ग्रॅम, मैद्यातही जवळपास तेवढंच, आणि ज्वारीत १०, बाजरी-नाचणीत ११ च्या वर, अख्ख्या मुगात १७. काकूंच्या दिवसभराच्या खाण्यात तांदूळ आणि मैदा सोडून फारसं काही नव्हतंच.

आता पाटणकडची बाई, जन्मभर नाचणीची भाकरी खाल्लेली, तिच्या ताटात खारी-टोस्ट कुठून आलं हे मला कळेना, म्हणून विचारलं, "काकू, भाकरी का सोडली?"

"सोडली न्हाई ताई, सुटली. थापायला बसलं की हात वर-खाली करून छाती भरून येती. दोन भाकरी झाल्या की बसावं लागतंय. आन चावाया घेतली की एक घास खायचा, दम घ्यायचा, मग दुसरा. निम्म्यातच जीव नको म्हणतो. भात कसा, गिळला की गेला."

सून बाजूलाच होती, ती म्हणाली, "मला थापता येत नाही मॅडम, मी पोळ्याच करते. आणि आई म्हणतात मऊच दे."

ह्या दोन उत्तरांत सगळी केस आहे. सीओपीडीमध्ये हात उचलून करायची कामं, केस विंचरणं, कपडे वाळत घालणं, पीठ मळणं, थापणं, ह्यात दम जास्त लागतो, कारण खांद्याचे आणि मानेचे जे स्नायू हाताला लागतात तेच ह्या पेशंटना श्वासाला मदत करत असतात, दोन कामं एकदम होत नाहीत. आणि गिळताना श्वास क्षणभर थांबतो, तेवढंही त्यांना परवडत नाही. म्हणून पेशंट आपोआप मऊ, पांढऱ्या, न चावता जाणाऱ्या खाण्याकडे सरकतो. कुणी सांगत नाही, ठरवून होत नाही. भाकरी जाते, कडधान्य जातं, काकडी-पेरू जातो, आणि वर्षभरात ताट पांढरं होतं.

हे लिहायचं कारण असं की फायबर आणि फुफ्फुसांवरचा जो अभ्यास सगळ्यात जास्त सांगितला जातो, तो वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवलीच पाहिजे. अमेरिकेत २०१६ साली छापून आलेला तो अभ्यास, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण सर्व्हेतल्या ४० ते ७९ वयाच्या १,९२१ लोकांचा. सगळ्यात जास्त फायबर खाणारे, म्हणजे दिवसाला साडेसतरा ग्रॅमच्या वर, त्यांच्यात ६८.३ टक्के लोकांची फुफ्फुसं नॉर्मल होती, आणि सगळ्यात कमी, १०.७५ ग्रॅमच्या खाली खाणाऱ्यांत ५०.१ टक्के. एफईव्ही-वनमध्ये सरासरी ८२ मिलीचा फरक. आता ८२ मिली ऐकायला काहीच वाटत नाही, पण सिगारेट न ओढणाऱ्या माणसाचंही एफईव्ही-वन तिशीनंतर वर्षाला साधारण २५-३० मिलीने उतरत असतं, म्हणजे हा जवळपास तीन वर्षांचा फरक झाला, छोटा नाही. पण हा सर्व्हे एकाच वेळचा, त्या माणसाचं खाणं आणि फुंकर दोन्ही त्याच काळात मोजलेलं. फायबर कमी म्हणून फुफ्फुसं कमजोर की फुफ्फुसं कमजोर म्हणून फायबर कमी, हे अशा अभ्यासातून कळू शकत नाही. काकूंच्या १०-११ ग्रॅमचं कारण तर मी कानांनी ऐकलं होतं, दमामुळे भाकरी गेली होती.

मग सगळं उलटंच आहे का? तसंही नाही. आजार व्हायच्या आधी खाणं विचारून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवलं असेही अभ्यास आहेत. अमेरिकेतला नर्सेसचा मोठा अभ्यास आणि पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास मिळून एक लाख अकरा हजारांवर माणसं, २०१० साली त्यातून निघालं की जास्त फायबर खाणाऱ्यांना पुढे सीओपीडी व्हायचा धोका साधारण एक तृतीयांशने कमी. स्वीडनमधल्या ३५ हजारांवर बायकांचा अभ्यास २०२० चा, त्यातही ३० टक्क्यांच्या आसपास कमी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन्हीकडे फायदा ठळक दिसला तो धान्यातल्या फायबरचा, स्वीडनमध्ये धान्य आणि फळं, भाज्यांचा नाही. म्हणजे डिशभर सॅलड ह्यापेक्षा भाकरी हा मुद्दा जास्त जवळचा. ह्यातही एक अडचण राहते, फायबर खाणारी माणसं एरवीही सिगारेट कमी ओढतात, चालतात, अभ्यास करणारे हे सगळं हिशोबातून वजा करतात पण पूर्ण वजा होत नाही. आणि हे सगळं आजार होण्याबद्दलचं आहे. झालेला सीओपीडी फायबरने बरा होतो असं ह्यातला एकही अभ्यास म्हणत नाही, ही ओळ घरच्यांपर्यंत पोचतच नाही.

फायबर फुफ्फुसापर्यंत जातं तरी कसं, हे काकांनी मला विचारलं होतं. फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट अशी छोटी ॲसिडं तयार होतात. ती रक्तात उतरतात आणि रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींना थोडं शांत करतात, उगाच येणारी सूज कमी होते. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या गटाने उंदरांवर दाखवलं की जास्त फायबर दिलेल्या उंदरांची फुफ्फुसं धुळीतल्या किड्यांच्या ॲलर्जीला कमी सुजली, आणि नुसतं प्रोपियोनेट दिलं तरी तसंच झालं, त्याचा धागा थेट अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पेशींपर्यंत गेला. माणसांवर ऑस्ट्रेलियात दमेकरी पेशंटना इन्युलिन नावाचं विरघळणारं फायबर देऊन छोटे प्रयोग झालेत, थुंकीतल्या ॲलर्जीच्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. पण दमा म्हणजे सीओपीडी नाही, आणि ते प्रयोग थोड्या दिवसांचे, थोड्या माणसांवरचे. दिशा चांगली आहे, इतकंच मी काकांना सांगितलं.

आता झालं काय ते सांगते. पहिल्या भेटीत मी पूर्ण प्लॅन दिला नव्हता, तीन दिवसांचं खाणं लिहून आणा एवढंच सांगितलं होतं. पण फायबर कमी आहे हे मुलाच्या कानावर पडलं, तो बिचारा आईसाठी जीव टाकणारा, रात्री व्हिडिओ बघून त्याने सगळं एकदम आणलं. गव्हाचा कोंडा, ओट्स, इसबगोल. सकाळी कोंडा घातलेले ओट्स, दुपारी वाटीभर मटकीची उसळ आणि कोबी-गाजराची कच्ची कोशिंबीर, रात्री झोपताना इसबगोल दोन चमचे अर्ध्या कप पाण्यात. तिसऱ्या दिवसापासून काकूंचं पोट टम्म. जेवण झालं की आडवं होता येईना, रात्री उशा लावून बसून काढली, घरच्यांना वाटलं सीओपीडीचा अटॅक आलाय, म्हणजे आजार एकदम उसळलाय, म्हणून पहाटे नेब्युलायझर दिलं. डॉक्टरांनी तपासलं, ताप नाही, कफाचा रंग बदललेला नाही, ऑक्सिजन नेहमीइतकाच, पण पोट ढोलकीसारखं घट्ट.

ह्याचं कारण नीट समजून घेतलं पाहिजे कारण सीओपीडीच्या पेशंटला फायबर देताना हेच आडवं येतं. त्यांच्या फुफ्फुसात हवा अडकून राहते, छाती कायम फुगलेली, त्यामुळे खालचा पडदा, म्हणजे डायफ्राम, आधीच सपाट होऊन खाली बसलेला असतो. श्वास घेताना त्याला अजून खाली सरकायचं असतं. त्यात पोटात गॅस भरला की खालून दाब येतो आणि पडद्याला सरकायला जागाच राहत नाही. मी हे चित्र काढून दाखवलं तेव्हा काका लगेच म्हणाले, "म्हणजे भरलेल्या गाळ्यात खालनं अजून पोती रेटली." अगदी तेच. आतड्यातल्या जीवाणूंना १० ग्रॅमची सवय, त्यांच्यावर एकदम तिप्पट फायबर ओतलं तर आंबवण्यात गॅस होणारच. निरोगी माणूस दोन दिवस अस्वस्थ होऊन मोकळा होतो, सीओपीडीवाल्याला तोच गॅस दम होऊन बसतो. आणि इसबगोल कमी पाण्यात तर कुणालाच देऊ नये, ते आतच फुगून चिकट गोळा होतं, बद्धकोष्ठता वाढते, क्वचित अडकतं सुद्धा. मोठा ग्लास भरून पाणी पाहिजे, आणि बाकीच्या गोळ्यांपासून तास-दोन तास लांब.

पाण्याचा विषय निघाला म्हणून विचारलं तर दिवसाला चार-पाच कपच पाणी. का? तर लघवीला सारखं उठावं लागतं आणि उठलं की दम. संडास भारतीय पद्धतीचा, खाली बसलं की मांड्या पोटावर दाबल्या जातात, त्यात पोट साफ होत नाही म्हणून कुंथायचं, कुंथताना श्वास रोखला जातो, बाहेर येईपर्यंत ओठ निळसर. हे काकूंनी स्वतःहून कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच. पुरुष डॉक्टरांना संडासाचं काय सांगायचं, असं त्या म्हणाल्या. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण दिवसातला सगळ्यात जास्त दम त्यांना तिथे लागत होता आणि फाईलमध्ये त्याचा एक शब्द नव्हता. त्यानंतर आमच्या बॅचच्या प्रत्येक पेशंटला, बाई असो की बाप्या, संडासात दम लागतो का हे मी विचारतेच.

म्हणून फायबरच्या आधी दुसरी कामं केली. औषधांची पिशवी आणायला सांगितली, सगळी, लपवलेली सुद्धा. त्यात निघालं कोडीनवालं खोकल्याचं सिरप, चिठ्ठीशिवाय आणलेलं. कोडीनने खोकला दबतो पण आतडीही मंदावतात आणि सीओपीडीत श्वासाच्या दृष्टीनेही ते धोक्याचं, डॉक्टरांनी ते त्याच दिवशी बंद केलं. पोट साफ व्हायला रोज रात्रीचं सोनामुखीवालं चूर्ण होतं, ते हळूहळू कमी करत सोडायचं ठरलं. लोहाची गोळी होती, तिनेही शौच घट्ट होतं, हिमोग्लोबिन बघून डॉक्टरांनी तीही थांबवली. इनहेलरमुळे तोंड कोरडं पडतं, काही जणांना पोटही थोडं घट्ट होतं, पण तो बंद करायचा प्रश्नच नव्हता, चूळ भरा आणि पाणी वाढवा. काकांनी लोखंडी कमोड खुर्ची आणून संडासावर ठेवली, फार महाग नसते ती. दिवसाचं पाणी तांब्याने मोजायला सुरुवात केली, पण संध्याकाळी सहापर्यंतच जास्त, म्हणजे रात्री उठणं कमी. (पायावर सूज, हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरच ठरवतील. काकूंना तसं नव्हतं.) नुसत्या एवढ्यावरच पोट थोडं मोकळं व्हायला लागलं, फायबरचा एक ग्रॅमही न वाढवता.

कोंडा, ओट्स, इसबगोल सगळं बाजूला. पोट बसेपर्यंत मऊ भात-वरणच. मग पायरी पायरीने, आणि नियम एकच, एक पायरी पोटाला मानवली, गॅस नाही, दम वाढला नाही, की मगच पुढची. साधारण आठवड्याला एक, पण दोनदा आम्ही एकाच पायरीवर जास्त दिवस थांबलो, थांबण्यात काही बिघडत नाही.

सुरुवात नाचणीच्या आंबिलीने केली. चावायचं नाही, थापायचं नाही, गावाकडचं ओळखीचं, काकूंचा चेहराच खुलला. दोन चमचे भरून नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, जिरं-लसूण, वरून ताक. दही-ताक बंद होतं ना कफाच्या भीतीने, म्हणून आधी अर्धी वाटी, कोमट. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं कफ काही वाढला नाही. सकाळची खारी गेली. पुढची पायरी तर फुकटची होती, पोळीचं पीठ चाळायचं नाही. सुनेला वाटलं पोळी कडक होईल, तर पीठ जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवायला सांगितलं, मऊच झाली.

मग भाज्या, पण शिजवलेल्या, दुधी, लाल भोपळा, तांदुळजा, मेथी, आणि कोबी-फ्लॉवर लांबच, गॅस करतात म्हणून. त्यानंतर मूग. मटकीने त्रास झालेला असल्यामुळे काकू तयारच नव्हत्या. मोड आलेले मूग, भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, कारण गॅस करणारी साखर बरीचशी त्या पाण्यात उतरते, मग कुकरला पार मऊ शिजवून हिंग-ओव्याची फोडणी, आणि सुरुवात दोन टेबलस्पूनांनी, वाटीने नाही. फळात पिकलेली पपई, नंतर मऊ पेरू बिया काढून. पेरू थंड असतो हे काकूंच्या डोक्यातून मी काढायला गेले नाही, दुपारी उन्हाच्या वेळी खा म्हटलं, त्यांना ते पटलं.

भाकरी शेवटी आली. त्या स्वतः मागत होत्या, पण थापणार कोण? पोळी-भाजी केंद्रातून आणून बघितली, काकूंना ती आवडेना, शिळी लागते म्हणाल्या. मग एक दिवस रिहॅबला आल्या तर सांगतायत की काका शिकतायत. काकू खुर्चीत बसून, कोपरं टेबलावर टेकवून, "उकळतं पाणी घाला, जरा थांबा, आता मळा, कड फाटती बघा" असं सांगणार आणि काका ओट्यापाशी. माथाडीचा हात, ताकद भरपूर, पहिल्या भाकऱ्या जाडजूड झाल्या असणार पण काकूंनी त्या तशाच आमटीत कुस्करून खाल्ल्या. अर्धी ज्वारीची भाकरी आमटीत दहा मिनिटं भिजू द्यायची, मग चावायचं काम निम्मं होतं आणि फायबर तेवढंच राहतं. कोंड्याच्या पाकिटापेक्षा हा मार्ग मला शंभर पटीने बरा वाटतो, कारण हे उद्याही चालू राहील.

एक धोका मात्र सारखा डोळ्यासमोर होता. फायबरने पोट लवकर भरतं, आणि ४३ किलोच्या बाईचं पोट लवकर भरणं परवडणारं नाही. म्हणून प्रत्येक पायरीला सोबत काहीतरी जड घातलं, भाजीत शेंगदाण्याचं कूट, भाकरीवर तूप, एक अंडं, आंबिलीत ताक घट्ट. शेंगदाण्यात फायबरही आहे आणि स्निग्धही, सातारकडच्या माणसाला कूट घाल म्हणून सांगावंही लागत नाही. तीन मोठी जेवणं मोडून पाच-सहा छोटी केली, खायच्या आधी अर्धा तास आराम, ताठ बसून खायचं, दोन घासांमध्ये ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा, आणि खाऊन लगेच आडवं व्हायचं नाही. टीव्ही बघत, बोलत खायचं नाही हेही सांगितलं कारण बोलत खाताना हवा गिळली जाते.

चारेक महिन्यांनी परत मोजलं तर फायबर २२-२३ ग्रॅमपर्यंत आलं होतं. २५ ला अजून पोचलो नाही आणि मी घाई केली नाही. पोट जवळपास रोज, न कुंथता. चूर्ण बंद. वजन दीड किलोने वाढलं. जेवल्यावर येणारा दम बराच कमी, आणि काकूंच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संडासातून त्या आता हाक न मारता बाहेर येतात. सहा मिनिटांच्या चालण्याच्या टेस्टमध्ये अंतर ५० मीटरच्या आसपास वाढलं, संध्याकाळी काकांबरोबर निसर्ग उद्यानात एक छोटा फेरा होतो, बाकावर दोनदा बसून.

ह्यातलं फायबरने किती? स्पष्टच लिहिते. चालण्याचं श्रेय मी रिहॅबच्या व्यायामाला आणि रोज नीट घेतलेल्या इनहेलरला देईन. पोट, कुंथणं आणि जेवणानंतरचा दम, ह्यात पाणी, औषधांची साफसफाई, कमोड खुर्ची आणि फायबर ह्या सगळ्यांचा वाटा, आणि तो वेगळा करून सांगता येणार नाही कारण आम्ही सगळं एकामागोमाग केलं. एफईव्ही-वन होतं तिथेच आहे, एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक तर फुंकरीत तसाही येतो. मुलगा थोडा नाराज झाला, त्याला वाटलं होतं आकडा वर जाईल. त्याला मी सांगितलं की चुलीच्या धुराने जे गेलं ते खाण्याने परत येत नाही, पण दमामुळे आईचं जे खाणं गेलं होतं, ते परत आलं, आणि वजन टिकलं, सूज आटोक्यात राहिली तर पुढचं उतरणं झेलायला अंगात काहीतरी असेल. तो शांतपणे ऐकत होता, मग विचारलं, "मग मी पण हेच खाऊ का?" त्याचं काम ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका युनिटमध्ये, दिवसभर धुळीत, आणि सिगारेट सुरू आहे. सीओपीडी व्हायच्या आधीचे ते सगळे अभ्यास खरं तर त्याच्यासारख्या माणसाबद्दलचे आहेत. सांगितलं, आईबरोबर भाकरी खा, मास्क लाव, पण आधी सिगारेट सोड, भाकरीने सिगारेट भरून निघत नाही. सोडायच्या औषधांसाठी त्याला आमच्याच ओपीडीत पाठवलंय, एकदा जाऊन आलाय.

मधे जानेवारीत काकूंना अटॅक आला, कफ हिरवा, ताप, स्टेरॉईड आणि अँटिबायोटिकचा कोर्स. भूक गेली, खाणं परत चहा-टोस्टवर आलं, आणि अँटिबायोटिकने पोटही बिघडलं. घाबरून सुनेने फोन केला की आता सगळं परत पहिल्यासारखं झालं. अशा वेळी फायबरच्या मागे लागायचं नाही हे आधीच ठरवून कागदावर लिहून दिलं होतं, फ्रिजवर लावलेलं. कोर्स चालू असेपर्यंत तांदळाची पेज, मऊ वरण, अंडं, दूध, तूप, म्हणजे कमीत कमी चावून जास्तीत जास्त कॅलरी. ताप उतरला, भूक लागायला लागली, की पहिली पायरी, आंबील, अर्धी वाटी. ह्या वेळी पायऱ्या चढायला निम्माच वेळ लागला, भाकरी फेब्रुवारीतच परत ताटात आली, आणि आता त्या पातळ असतात असं काकू स्वतः सांगतात.